चूक क्रमांक तीन

बिरसीजवळच्या एका शाळेत चौथीतल्या साक्षीने वजाबाकीची वीस गणितं सोडवली आणि वीसही बरोबर आली. प्रकरण गंभीर होतं. योगराज सरांनी तिच्या आईला तातडीने बोलावून घेतलं.

आई, रंजिता, संख्याशास्त्रात बी.एस्सी. झालेली, पोरगी शिंकली तरी थर्मामीटर काढणारी. तिच्या हाती तीन पानी निदान-अहवाल देण्यात आला. मूल कोणत्या पायऱ्यांनी गणित सोडवतं, यावरून त्याच्या अंगी कोणती कौशल्यं आहेत हे सांगणारं एक मॉडेल नुकतंच शाळाशाळांतून लागू झालं होतं. त्याला चार मान्यताप्राप्त पद्धती आणि सात मान्यताप्राप्त चुका ठाऊक होत्या. साक्षीच्या कागदावर यांतलं काहीच नव्हतं. सबब, 'हातचा घेण्याचे कौशल्य: अनुपस्थित. अंदाजाने उत्तरे देत असल्याची संभाव्यता: त्र्याण्णव टक्के. शिफारस: आधार वर्ग.'

आधार वर्गात गेलेल्या मुलाचं नाव शिष्यवृत्तीच्या तुकडीतून आपोआप कटत होतं. यादी शनिवारी लागणार होती; त्याआधी शुक्रवारी एक फेरचाचणी.

"सर, पर्याय दिलेले नव्हते. वीसच्या वीस अंदाजाने बरोबर येतात का?"

"तेच तर चिंताजनक आहे, मॅडम. दोनचार चुकले असते तर मी शब्द टाकला असता."

घरी रंजिताने साक्षीला विचारलं, बावन्नमधून सत्तावीस कसे घालवलेस? सत्तावीसवरून तिसावर जायला तीन, तिथून पन्नासावर जायला वीस, वर दोन, झाले पंचवीस. ही रीत आजीची. धानाच्या रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपांच्या, किती पेंड्या शेतातल्या बांधीत गेल्या नि किती उरल्या, हे सुमनबाई अशीच मोजायची, आणि नात बांधावर बसून ऐकायची.

रंजिता तालुक्याच्या निदान कक्षात गेली. तिथला तंत्रसहायक हिमांशू मुळात भला माणूस होता.

"पद्धत तो अच्छी आहे, ताई. पण मॉडेलमध्ये नाही."

"मग टाका ना."

"टाकता येते. आधी तीनशे पोरांनी वापरलेली दिसली पाहिजे."

"आणि वापरणाऱ्या पोरांचं काय होते?"

"ते आधार वर्गात जातात. तिथं त्यांची ही सवय मोडतो आपण."

मात्र अमान्य पद्धतीचा उगम तपासण्याची तरतूद होती. त्यानुसार बुधवारी सुमनबाईला शाळेत हजर करण्यात आलं. टॅबलेट सुरू होईस्तोवर तिने वीसही उत्तरं तोंडी सांगून टाकली. पुरवणी अहवाल आला: 'कुटुंबात अंदाजाचा प्रादुर्भाव किमान दोन पिढ्यांचा. गणिताच्या वेळी बालिकेस आजीपासून दूर ठेवावे.'

"बरोबर आलं तं चूक कायले म्हणून राहिला मास्तर?" वाटेत सुमनबाईने सुनेला विचारलं.

"ते उत्तर पाहत नाहीत, आई. कसं केलं ते पाहतात."

"पाहते तं मंग त्यायले दिसत काऊन नाही?"

रंजिताने अहवालाचं तिसरं पान उघडलं. त्यावर सात मान्यताप्राप्त चुकांची यादी होती. चूक क्रमांक तीन: एकक-दशकाच्या प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करणे. बावन्न वजा सत्तावीस, पस्तीस. अशी चूक करणारं मूल 'शिकण्याच्या मार्गावर' समजलं जाई. गुरुवारी शाळा सुटल्याबरोबर रंजिताने पाटी काढली.

"मम्मी, पंचवीसच येऊन राहिले."

"येऊ देऊ नको."

"पण पेंड्या तं पंचवीसच उरतील ना?"

"पेंड्या विसर. सातातून दोन काढ. पाच लिही."

साक्षी रडली. पोरगी हुशार, पाचव्या गणितापासून चुकायला लागली. शुक्रवारी फेरचाचणीत तिची आठ उत्तरं चुकली आणि आठही यादीबरहुकूम. मॉडेलला भरून आल्यासारखं वाटलं: 'विचारप्रक्रिया सुस्पष्ट. अंदाजाचा अंश नाही.' शनिवारी शिष्यवृत्तीच्या यादीत साक्षी पहिली होती. सरांनी स्वतः पेढा भरवला.

रविवारी शेजारची राखी आपल्या मुलाला घेऊन आली. "माह्या पोट्ट्यालेही तीन नंबरची बसवून दे ना वो, रंजिता." मग बाकीचे आले. आता रंजिताच्या ओट्यावर रोज संध्याकाळी बावीस मुलं चुकायला बसतात. पालक बाहेर रांगेत उभे राहून विचारतात, आमचा किती दिवसांत तयार होईल?

परवा दुलीचंद नावाच्या बापाने जरा घुटमळत विचारलं, "पण ताई, ह्याले वजाबाकी येते का नाही, हे कोन पाहीन?"

रंजिताने मान वर न करता वहीतलं त्याच्या मुलाचं नाव खोडलं. आणि त्याच्या मागे उभे असलेले तुम्ही, मुलाचा हात घट्ट धरून, एक पाऊल पुढे सरकलात.