उठलं की दुखतं

करुणे, मधी बोलू नको, तू नुसतं ऐक. आमच्या प्रियंका वहिनीला हिंगोलीच्या त्या नव्या दवाखान्यात पोरगं झालं न्हाई का, कमरेत इंजेक्शन देऊन, बिनकळांचं? कळा खरंच कळल्या न्हाईत. पण दुसऱ्या दिवशी डोकं असं उठलं की काय सांगू! गंमत म्हंजे, बसली की फुटायचं, निजली की गप.

आई म्हणे, "कामाला उठलं की दुखतं, निजलं की थांबतं? ही बिमारी आमाला काहून न्हाई झाली गं?"

भूल देणारे डॉक्टर नांदेडहून यायचे. त्यांना बोलवायचं तर मोठ्या डॉक्टरांनी राउंडला तकलीफ लिहायला पायजे. आन् राउंडला पेशंट निजलेलाच पायजे, असा तिथला नियम!

"आत्ता दुखतंय का?"

"आत्ता न्हाई, पण उठलं की..."

"सिस्टर, लिहा. डोकेदुखी नाही."

वहिनी उठून बसली, डोकं धरून रडाय लागली. सिस्टर वरडली, "बाई, निजा! राउंड चालू हाय!" निजली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. न्हाई दुखत.

"लिहा. आराम पडला."

रोज हेच! लेकराला पाजायलाबी बसता येईना तिला.

मग दवाखान्याचे मॅनेजर आले, जाहिरातीसाठी कॅमेरा घेऊन. वहिनी त्यांची पहिली बिनकळांची बाळंतीण ना! "ताई, उठून बसा, बाळ मांडीवर घ्या, हसा आणि म्हणा, मला काहीच त्रास झाला नाही."

"उठलं की डोकं फुटतं, साहेब."

"अरे बापरे! मग व्हिडिओचं कसं?"

बघ, तिच्या डोक्याची काळजी पहिल्यांदा कुणाला तरी वाटली! लगेच नांदेडला फोन. भूलवाले डॉक्टर म्हणाले, "बसलं की दुखतं ना? त्या इंजेक्शननं होतं कधीकधी. इलाज आहे, बोलवा की."

मॅनेजर म्हणे, "बोलवतो. पण आधी व्हिडिओ. बऱ्या झाल्या की पेशंट थांबतात कुठं?"

वहिनी बसली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मला काहीच त्रास झाला न्हाई."

"वा! आनंदाश्रू पण आले!"

डॉक्टर आले, इलाज झाला, वहिनी ठणठणीत. घरी आल्यावर आईनं मोबाईल तिच्याच तोंडापुढं धरला. "तूच बोलून राहिली न्हवं, काहीच त्रास न्हाई? मग आमच्यापुढं काहून ते नाटक?"

आन् तू गं? तोच व्हिडिओ पाहून तिथं बाळंतपणाला नाव लावून आलीस, व्हय ना? इंजेक्शन घे, चांगलं हाय. पण खरं सांग, डोकं फुटून राहिलं, कॅमेरा समोर, अन् डॉक्टर त्या एका वाक्याच्या पलीकडं. तिच्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?