नाल्याचं दुसरं टोक

वास घेतल्याशिवाय अरविंद पाणी पीत नसे. मुलुंडला आमच्या घरी आला की आई पेला पुढे करी आणि हा आधी त्यात नाक घाली. आई एकदा चिडून म्हणाली, "अरे, घासलाय तो पेला!" तर म्हणतो, "काकू, शंका पेल्याबद्दल नाही, नळाबद्दल आहे."

आम्ही दोघं बी.एस्सी.ला, रसायनशास्त्र घेऊन. सत्तरच्या सुमाराला आमच्या सरांनी 'पर्यावरण' या नव्याच विषयावर चार व्याख्यानं दिली. माझ्या आईला ते ग्रहणासारखं काहीतरी वाटलं. आम्ही ऐकलं नि सोडून दिलं. अरविंदला ते लागलं. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या खिशात घालून हिंडायचा. डबकं, विहीर, गटार, काहीही दिसलं की "जरा थांब रे" म्हणून खाली बसायचा. एकदा बसमध्ये एका बाटलीचं बूच उडालं. त्या दिवशी आम्हाला बसायला भरपूर जागा मिळाली.

परीक्षेनंतर मी बँकांचे अर्ज भरत होतो. "पाण्याची नोकरी कुठे मिळते रे?" हा त्याचा प्रश्न. शेवटी त्याच्या वडिलांनी ओळखीने एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मुलाखत ठरवली. झकास झाली. शेवटी साहेब म्हणाले, "तुला काही विचारायचंय?"

"तुमचं सांडपाणी कुठे जातं?"

"नाल्यात."

"आणि नाला?"

नोकरी गेली. वडील आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. (पुढे तो सरांच्याच हाताखाली शिकवायला लागला, पण ते फार नंतर.)

अरविंदला काळजी नाल्याची. रविवारी मला घेऊन काठाकाठाने निघाला. चिखल तुडवत दुपारी खाडीवर पोचलो. तिथे एक कोळीण टोपलीत बोयटं घेऊन उन्हात बसली होती. गिऱ्हाईक यायचं, मासा हुंगायचं, निघून जायचं.

अरविंद वाकला. "मावशी, सगळे देता?"

"नको नेऊ पोरा," ती म्हणाली, "घासलेटाचा वास मारतोय. तुझ्या घरचे मला शिव्या देतील."

"आमच्या सरांना तपासायला हवेत."

तिने त्याने दिलेले पैसे कमरेला खोचले, सगळी बोयटं माझ्या पिशवीत ओतली, टोपली झटकली आणि घराकडे चालू लागली.

वाटेत मी भडकलो. "तपासायला दोन पुरले असते ना! तुझ्या घरी कांदा चालत नाही, एवढे मासे ठेवणार कुठे?"

त्याने पिशवी माझ्या हातातून घेतली. मग म्हणाला, "दोनच घेतले असते, तर बाकीचे घेऊन ती संध्याकाळपर्यंत तिथेच बसली असती रे."