वानखडेभाऊंचा उजवा पंख

वाहनाभोवती एक फेरी मारल्याशिवाय वानखडेभाऊ कुणाला निघू देत नाहीत. सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत कुणी स्कूटर काढली की ते फाटकातून बाहेर येतात, चाकं दाबतात, ब्रेकच्या तारा ओढून पाहतात. "पहिले फेरी, मग चाबी. वर गेल्यावर कडेले थांबता येत नाई, सर." मी भाजी आणायला निघालेलो असतो. शेजारच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या घोडीभोवतीही फेरी मारली, शेपूट डावीउजवीकडे हलवून पाहिली आणि म्हणाले, "मोकळी आहे. जाऊ द्या."

कारण त्यांच्या घरात आहे. आयटीआयमधून निवृत्त झाल्यापासून भाऊ दोन माणसांचं विमान बांधत आहेत. धड मागच्या टिनाच्या शेडमध्ये, पंख बैठकीत. पाहुण्यांनी पंखाशेजारी बसून चहा प्यायचा आणि सल्ले ऐकायचे. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरा, पाणी असलं तर तळाशी दिसतं. एकदा काढलेला लॉकनट पुन्हा लावू नका. पंखाच्या सांगाड्यावरच्या कापडावर इस्त्री फिरवली की ते आवळतं. टिचकी मारली तर डग्ग्यासारखं वाजलं पाहिजे. आणि शेवटी, "एका पंखाले एकच हात. हात बदलला का ताण बदलते."

तो हात माझ्या बायकोचा होता. सुमनची इस्त्री पाहून भाऊंनी स्वतःची कपाटात ठेवली. दुपारी ती आमची इस्त्री घेऊन पलीकडे जायची. मी पुस्तक उघडून बसायचो. भिंतीपलीकडून टिचकी ऐकू यायची, मग तिचं हसणं. माझ्या शर्टांना इस्त्री करताना ती कधी हसल्याचं मला आठवत नाही. मी त्या पंखावर जळायचो. माणसाशी भांडता तरी येतं. पंखाला काय बोलणार?

डावा पंख पुरा झाला. उजवा अर्धा असताना सुमन गेली. भाऊंनी त्यावर चादर घातली.

परवा ते दारात आले. "सर, वहिनीची इस्त्री भेटन का?"

"नाही."

ते वळले. ती इस्त्री आता त्या घरी एकटीच जावी, हे मला सोसणार नव्हतं.

"मीच येऊन फिरवतो," मी म्हणालो.

"तुम्ही? तुम्ही कधी रुमालाले तरी फिरवली का?"

"नाही."

"आन एका पंखाले एकच हात."

"इस्त्री तर तीच आहे."

"हाताचं घर बी एकच आहे," ते म्हणाले. "या."

दुपारभर मी इस्त्री फिरवली. "एका जागी थांबू नका, सर," एवढंच ते मधूनमधून सांगत होते. मग त्यांनी सुमनच्या बाजूला टिचकी मारली. डग्गा वाजला. माझ्या बाजूला मारली. ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज आला. या वेळी मला तिच्या हाताचा हेवा वाटला.

घोडीची शेपूटसुद्धा तपासल्याशिवाय न सोडणाऱ्या त्या माणसाने माझ्या बाजूवरून हळूच तळवा फिरवला.

"सारखंच आहे, सर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तरी उद्या दुपारी या. रोज थोडं थोडं करू."