संपर्क : मुकुंदराव

मंडळाची सभा मुकुंदरावांच्या विद्यानगरातल्या घरी भरली, तेव्हा चिवडा संपला होता आणि मंडळाचा वार्षिक अंकही संपायच्या बेतात होता. एकोणतीस वर्षं हा अंक हुबळी-धारवाडच्या दुकानदारांच्या 'हार्दिक शुभेच्छां'वर निघत आला होता. पण आता दुकानं त्यांच्या मुलांकडे गेली होती आणि मुलं शुभेच्छा मोबाइलवर फुकट वाटत होती. यंदा छपाईपुरत्या जाहिराती मिळाल्या नाहीत तर अंक बंद, असं ठरलं.

मुकुंदराव निवृत्त मास्तर, अंकाचे संपादक आणि 'आमच्या भागातल्या जुन्या विहिरी' या लेखमालेचे लेखक. सहा भाग छापून झाले होते, सातवा तयार होता. अंक बंद म्हणजे तो तसाच पडून राहणार आणि आठवा पोटातच. हे दुःख त्यांनी सभेत बोलून दाखवलं नाही, पण त्या रात्री ते भाकरी अर्धी टाकून उठले, तेव्हा घराला कळायचं ते कळलं.

"अप्पा, मोठ्या जाहिराती सोडा की," सून वेदश्री म्हणाली. "दोन ओळींची जाहिरात ठेवा, शंभर रुपयांत. घरगुती धंदेवाले देतील."

आणि खरोखरच दिल्या. आठ दिवसांत पंचावन्न जाहिराती जमल्या. फक्त एक अडचण होती, ती म्हणजे भिडस्तपणा. कडबोळीवाली अनुसया म्हणाली, "अय्यो, माझा नंबर नको छापू अण्णा, कोण कोण फोन करतंय काय की!" मिक्सर दुरुस्त करणारा दीपक दिवसभर गोकुळ रोडच्या कारखान्यात असायचा, तिथं फोन चालत नसे. पेटी शिकवणाऱ्या बाळकृष्णपंतांना फोनवर ऐकू येत नसे. पद्माक्कांनी मुलीच्या, स्मृतीच्या, लग्नाची जाहिरात दिली होती. त्यांनी तर नावसुद्धा छापू नका म्हणून सांगितलं.

"त्यात काय एवढं? माझा नंबर घाला," मुकुंदराव म्हणाले.

"सगळ्यांनाच?" अंबूताईंनी नवऱ्याकडे रोखून पाहिलं.

"अगं, येऊन येऊन किती फोन येणार? दोन!"

हा हिशेब अनुभवाचा होता. दरवर्षी ते लेखाखाली घरचा नंबर आणि 'अभिप्राय अवश्य कळवा' असं छापत. एवढ्या वर्षांत दोन फोन आले होते. एक चुकून लागलेला आणि दुसरा गॅसवाल्याचा. तेव्हा जुजबी काम म्हणून त्यांनी सतरा जाहिरातींखाली 'संपर्क : मुकुंदराव' असं छापून टाकलं आणि अंक घरोघर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला. मुकुंदराव दाढीचा साबण तसाच ठेवून धावले.

"लेख वाचलात?" त्यांनी विचारलं.

"कसला लेख? कडबोळी कशी किलो?"

त्यानंतर फोन थांबलाच नाही. कडबोळी, मिक्सर, पेटी, मुलीची उंची, पुन्हा कडबोळी. मुकुंदराव पेटीवाल्याला उंची विचारू लागले आणि नवऱ्या मुलाच्या बापाला जार कितीचा आहे ते.

"ती वायर काढून टाका आधी!" अंबूताई कडाडल्या.

"वायर काढली तर पुढच्या वर्षी जाहिरात कोण देईल? आणि जाहिरात नाही तर..." अंबूताईंनी नवऱ्याकडे बघितलं, आत जाऊन नातवाची कोरी वही आणली, फोनशेजारी पेन्सिल बांधली आणि म्हणाल्या, "बोला. नाव, गाव, काय पाहिजे, किती नग. याच्यापुढं एक अक्षर नाही."

भेटीगाठी आपल्याच घरी ठेवून मुकुंदरावांनी त्यांचं शाळेसारखं वेळापत्रक केलं. रविवारी नऊ ते दहा मिक्सर, दहा ते अकरा पेटी, अकरा ते बारा मुलगी पाहणे. कागदावर ते फारच देखणं दिसत होतं. मात्र आपल्याकडे माणूस भेटीला येतो तो घड्याळ बघून नव्हे, गाडी बघून, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

कलघटगीचे सटवाजी पहिल्या बसनं आठलाच हजर झाले, मांडीवर मिक्सर घेऊन. बाळकृष्णपंतांची पेटी आणि तीन विद्यार्थिनी नऊलाच आल्या. साडेनऊला अळणावरहून नवऱ्या मुलाकडची पाच माणसं उतरली, कारण गाडी लवकर मिळाली. ज्यानं मिक्सर पाहायचा तो दीपक आणि जिला पाहायचं ती स्मृती, हे दोघं तेवढे यायचे होते.

खोलीत पेटीचे सूर सुरू झाले. नवऱ्या मुलाची आई पहिल्या विद्यार्थिनीकडे कौतुकानं बघत म्हणाली, "मुलगी गोड आहे हो. पण नोकरी बँकेत ना?"

"अहो, ती नववीत आहे!" मुकुंदरावांना घाम फुटला. त्या माउलीला गप्प करायला दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी समोरचा डबा उघडून पुढं केला. त्यात अनुसयेनं दुसऱ्याच गिऱ्हाइकासाठी आणून ठेवलेली दोन किलो कडबोळी होती. पाच पाहुण्यांनी ती पाऊण तासात संपवली.

तेवढ्यात नवरा मुलगा सुरज कंटाळून सटवाजींकडे सरकला. "बघू हो मामा," म्हणत त्यानं मिक्सर उलटा केला, अंबूताईंकडून सुरी मागितली आणि दहा मिनिटांत तो फिरवून दाखवला. नेमक्या त्याच वेळी पद्माक्का स्मृतीला घेऊन दारात आल्या. बघतात तर सगळ्या मुलीवाल्यांना स्वप्नात दिसतो तसा जावई, बाह्या सावरून, मिक्सर पुसत बसलेला!

"कडबोळी मुलीनं केली काय?" मुलाच्या आईनं विचारलं.

पद्माक्का 'हो' म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात अंबूताई म्हणाल्या, "नाही हो, आमच्या अनुसयेनं. पान बारा, वरून तिसरी जाहिरात."

स्मृती खुदकन हसली. सुरजही हसला. पुढचं वडीलधाऱ्यांनी उगाच तासभर चालवलं, ठरलं होतं ते एवढ्यातच. मागाहून आलेल्या दीपकनं आधी तोंड पाडलं, मग सुरजला बाजूला घेऊन विचारलं, "रविवारी रिकामे असता काय?"

त्या आठवड्यात अनुसयेला लग्नाच्या फराळाची मोठी ऑर्डर मिळाली आणि पुढच्या अंकासाठी चाळीस नव्या जाहिराती न मागता आल्या. मंडळानं अंबूताईंचा सत्कार केला. अंक वाचला होता. मुकुंदराव मनापासून खूश होते, फक्त सात भागांत आपल्याला एकही वाचक मिळू नये, ही टोचणी काही जाईना.

मंगळवारी दुपारी फोन वाजला. त्यांनी सवयीनं वही ओढली.

"सटवाजी बोलतोय, कलघटगीहून."

"मिक्सर परत बिघडला काय?"

"नाही ओ अण्णा, झकास चाललाय. त्या दिवशी तुमच्याकडं दोन तास बसून होतो न्हवं? काय करायचं, म्हणून ते विहिरीचं वाचलो. घरी आणून परत वाचलो. सगळ्यांना वाचून दाखवलो."

मुकुंदराव मटकन खुर्चीत बसले.

"पण अण्णा, हे बरं न्हाई. सातव्या भागात आमच्या गावाच्या वेशीपर्यंत आलासा आणि तिथंच थांबलासा! आमच्या आजोबानं खणलेली विहीर पुढं शंभर पावलांवर हाय. आठवा भाग कधी?"

मुकुंदरावांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"कोण आहे?" आतून अंबूताईंनी विचारलं. "लिहून घेतलंत का नीट?"

मुकुंदरावांनी डोळे पुसले, पेन्सिल उचलली आणि वळणदार अक्षरात वहीत लिहिलं :

'सटवाजी, कलघटगी. आठवा भाग. एक नग.'