गेनाऊ, पोळी इथलीच

जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाने लाँग वीकेंडला फ्रान्समधलं एखादं ऐतिहासिक गाव पाहिलं नसेल, तर त्या घरात काहीतरी बिनसलंय असं इथल्या मराठी मंडळात समजलं जातं. म्हणून २००६च्या मे महिन्यात आम्ही डार्मश्टाटहून निघालो: मी, नवरा श्रीरंग आणि तीन वर्षांचा ध्रुव. ध्रुव जगात एकच पदार्थ खातो, तूप-गूळ लावून गुंडाळलेली पोळी. गावाच्या वेशीपाशी पोचलो तेव्हा डब्यात एकच उरली होती.

वेशीवर गणवेशातल्या बाई होत्या. गावात फक्त स्थानिक खाद्य आणि स्थानिक कला यांनाच प्रवेश. त्यांनी डबा उघडून, गाडीची जर्मन नंबरप्लेट पाहून जर्मनमध्ये विचारलं, हे इथलं पारंपरिक का? आता, जर्मन समजलं नाही की श्रीरंग 'गेनाऊ' म्हणतो, म्हणजे 'अगदी बरोबर'. या एका शब्दावर त्याला ऑफिसात बढती मिळालेली आहे.

"गेनाऊ," तो म्हणाला.

हाताने घडवलेलं? गेनाऊ. पिढ्यान्‌पिढ्या? गेनाऊ. मग ही कलाकृतीच झाली की.

"गेनाऊ, गेनाऊ."

कलाकृती खाता येत नाही. पोळी कलादालनात काचेखाली गेली आणि शेजारी पाटी लागली: 'गुंडाळी. कलाकार: अज्ञात ग्रामीण स्त्री.' माझं एम.एस्सी. झालेलं आहे.

ध्रुवचं तोंड सुकलं. मी त्याच्यापुढे चीज धरलं, कांद्याचा केक धरला. लसणीच्या लोण्यातल्या गोगलगायीला त्याने फक्त 'हालो' म्हटलं आणि ओठ मिटले.

"अरे, जाऊन खरं सांग त्यांना," मी श्रीरंगला म्हटलं.

"सांगतो. पण त्यांनी पुढे काही विचारलं तर?"

दालनात आमच्या ओळखीच्या, हॅनोव्हरच्या वसुधाकाकू भेटल्या. काचेला नाक लावून उभ्या होत्या.

"अहो काकू, ती माझी..."

"हळू बोल. याला म्हणतात परंपरा जपणं. नाहीतर तुम्ही मुली. साधी पोळी लाटता येत नाही."

तेवढ्यात ध्रुवने काच उचलली आणि कलाकृती खाल्ली. वेशीवरच्या बाई धावत आल्या, खाली वाकल्या आणि त्यांनी गंभीरपणे विचारलं, हाही कलेचाच भाग आहे का?

"गेनाऊ," ध्रुव भरल्या तोंडाने म्हणाला.

टाळ्या थांबेनात. आता तिथे दर मे महिन्यात गुंडाळी महोत्सव भरतो, मंडळाची बस जाते. तुम्हीही जाऊन आलात ना? ऑर्कुटवर फोटो पाहिला, हातात गुंडाळी घेतलेला. खाली लिहिलंयत, 'ही चव आपल्याकडे नाही.'