हिरामावशीचा लाल सॉस

नवी मुंबईत उलव्याला भाड्याचं घर शोधत होतो तेव्हा घरमालकांनी मला नाना प्रश्न विचारले. लग्न झालंय का, मटण-मच्छी करता का, मित्र किती येतात, गिटार-बिटार वाजवता का. हिरामावशीनं एकच प्रश्न विचारला.

"टोमॅटो फ्रिजमदी ठेवतंस का?"

मी खरं ते सांगितलं. "माझ्याकडे फ्रिजच नाही."

"मंग चावी घे."

करार, आधार कार्डाची झेरॉक्स, पोलीस व्हेरिफिकेशन हे सगळं मागाहून तिच्या पुतण्यानं केलं. तिच्या लेखी मी तिथंच पास झालो होतो. माझ्या आधी आलेल्या जोडप्यानं आपल्याकडे दोन दरवाजांचा फ्रिज असल्याचं अभिमानानं सांगितलं होतं. 'त्यात भाजीला वेगळा कप्पा आहे' असंही वर म्हणाले. त्यांना चहासुद्धा मिळाला नाही.

मी मूळचा साताऱ्याचा. न्हावा शेवा बंदरावर एका क्लिअरिंग एजंटकडे कागद फिरवण्याचं काम करतो. मावशीनं माझं नाव कधी विचारलंच नाही. पहिल्या दिवसापासून मी 'सातारकर'.

ती स्वतः चौथ्या मजल्यावर राहायची आणि वरची गच्ची तिची. वय पासष्टच्या पुढं, नऊवारी काष्टा, गळ्यात ठसठशीत सोनं आणि पायात धावण्याच्या शर्यतीत घालतात तसले भगभगीत निळे बूट. ते मुलानं कॅनडाहून पाठवलेले. मावशी त्या बुटांत गच्चीवर अशी फिरायची की पाहणाऱ्याला वाटावं, आता ही उडी मारून पलीकडच्या टॉवरवर जाईल. गच्चीवरून विमानतळ दिसतो. विमान उतरायला लागलं की मावशी कमरेवर हात ठेवून बघायची आणि म्हणायची, "आला बग माज्या खाचरात." धावपट्टीच्या त्या टोकाला पूर्वी तिचा भात पिकायचा. त्यामुळे उतरणारं प्रत्येक विमान तिच्या शेतात घुसलेलं ढोर होतं, फक्त हाकलता येत नव्हतं एवढंच.

गच्चीवर निळी प्लास्टिकची पिंपं आडवी कापून ठेवलेली होती. त्यांत मिरची होती, लाल माठ होता, चार वांगी होती. पण ती सगळी प्रजा. राजा टोमॅटो. सकाळी सातला मावशी एकेका टोमॅटोला हात न लावता नुसतं वाकून हुंगायची. हात लावला की तो 'लाजतो' म्हणे.

आता या बाईचा आणि पास्त्याचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. तो संबंध नेहामुळे आला. नेहा पहिल्या मजल्यावरची, अकोल्याची, महाप्याला आयटीत नोकरी. एका रविवारी ती खोलीत पास्ता करत होती. मावशी वास घेत आत शिरली आणि ओट्यावरची सॉसची बाटली उचलून बोट घालून चाटली. नेहा सांगते, मावशीचा चेहरा कडुलिंब खाल्ल्यासारखा झाला.

"ह्यात टोमॅटो कुठं हाय गं? साकर नि लोनच्याचा आंबट पानी हाय नुसता."

नेहानं बिचारीनं समजावलं की चांगला सॉस घरी करतात, टोमॅटो ओव्हनमध्ये भाजून, पण आपल्याकडे ओव्हन नाही.

"वांगा भाजतो, बोंबील भाजतो. मंग हा टोमॅटो कोन मोठा लागून गेला?"

तिथून सुरुवात झाली. पहिल्या रविवारी मावशीनं टोमॅटो सरळ निखाऱ्यात टाकले. ते फुटले, निखारे विझले आणि गच्चीभर राखेची आमटी झाली. दुसऱ्या वेळी तिनं त्यात सवयीनं मूठभर सुकट टाकली. दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकांनी तो सॉस तीन घास खाल्ल्यावर विचारलं, "हे शाकाहारीच आहे ना?" मावशी म्हणाली, "टोमॅटो शाकाहारी हाय. बाकीचा मना नको इचारू." काकांनी चौथा घास कधी घेतला, हे त्यांच्या घरी अजून कळलेलं नाही.

पण बाई हट्टी. तिनं अर्धं कापलेलं लोखंडी पिंप आणलं, त्यात खाली निखारे, मध्ये परात, वर पत्र्याचं झाकण आणि झाकणावर पुन्हा निखारे. परातीत टोमॅटोच्या फोडी, पोट वर करून. मीठ, तेल, एक कांदा आणि लसणीचे अख्खे गड्डे, सालीसकट. नेहानं ऑलिव्ह ऑइल आणून दिलं तर मावशीनं बाटली उजेडात धरली. "हिरवा तेल? ह्यो गाडीत घालतात ना?" पुढं वर्षभरानं तिनं ते मान्य केलं, पण बाटलीवर झाकण लावताना अजूनही असं तोंड करते की ही तडजोड आहे.

दीड तास भाजायचं. मध्ये कुणी 'झालं का' विचारलं की मावशी ओरडायची, "त्याला आदी रडू दे!" टोमॅटोचं पाणी सुटून आटलं पाहिजे, कडा काळ्या पडल्या पाहिजेत, साल सुरकुतली पाहिजे. मग लसणीचा गड्डा दाबून आतला लोण्यासारखा गर काढायचा आणि सगळं पाट्यावर जाडंभरडं वाटायचं. मिक्सर नाही. मिक्सरनं फेस होतो आणि लाल रंगाचा केशरी होतो. हा शोध तिनं स्वतः लावला आणि नंतर नेहानं मोबाइलवर तोच वाचून दाखवला, तेव्हा मावशी म्हणाली, "त्यांना कुनी सांगितला?"

सॉसमध्ये घालायच्या बेसिलच्या पानांचा प्रश्नही तिनंच सोडवला. नेहानं आणलेली महागाची काडी हुंगून ती म्हणाली, "ह्यो तर आपला सब्जा!" दुसऱ्या दिवशी उरणकडच्या तिच्या जुन्या मैत्रिणीकडून, जैबुनबीकडून, सब्जाचं अख्खं रोप आलं.

"त्याला आदी रडू दे" हे वाक्य हळूहळू टोमॅटोपुरतं राहिलं नाही. नेहाचं ऑफिसात भांडण झालं आणि ती जिन्यात रडत बसली. मी धावत समजूत घालायला निघालो तर मावशीनं मला मागं ओढलं. "थांब रं. तिला आदी रडू दे. कच्च्यात हलवायचा नाय." दोन तासांनी नेहाला वर बोलावून तिच्यासमोर ताट ठेवलं. पास्त्याच्या नळ्यांना मावशी 'नल्या' म्हणायची, मटणातल्यासारख्या, आणि एक नळी उचलून बघायची की सॉस आतपर्यंत शिरलाय का.

दर रविवारी आम्ही भाडेकरू वर जमायचो. खायचं आणि मत द्यायचं. 'छान' म्हटलेलं चालायचं नाही. "छान काय? आंबट लागतंय का गोड? पोरासोरांना तिखाट लागंल का?" कुलकर्णीकाकांनी एकदा तो सॉस थालिपिठाला लावून खाल्ला तर त्यांना दोन रविवार बंदी झाली. मी समजत होतो की बाई बाटलीतल्या सॉसशी स्पर्धा करते आहे. आम्ही सगळेच तसं समजत होतो. सणक, दुसरं काय!

दरम्यान माझ्याकडून एक गुन्हा घडला. मी फ्रिज घेतला.

उन्हाळ्यात दूध रोज नासायला लागलं, काय करणार? चादरीत गुंडाळून तो लहानसा फ्रिज मी वर नेत होतो आणि जिन्यात मावशी भेटली.

"काय रं हा?"

"कपाट आहे, मावशी."

आठवड्यानं तिनं दारातून विचारलं, "सातारकर, तुजा कपाट घरघरतंय कसा?" मी म्हटलं, पाण्याचा पंप असेल. तिनं माझ्याकडे बघितलं, पंपाकडे बघितलं, आणि गेली.

डिसेंबरात तिच्या भाचीचं लग्न निघालं. दोन दिवस ती गावी जाणार होती. जाण्यापूर्वी तिनं पिकत आलेल्या टोमॅटोंच्या दोन पाट्या माझ्या खोलीत आणून ठेवल्या. "उघड्यावर ठेव. देठ खाली. दुसरा काय करू नको."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आलो तर पाट्यांवर चिलटं. एक टोमॅटो पाझरायला लागलेला. मी घाबरलो. आणि घाबरलेल्या माणसाचं डोकं चालतं तसं माझं चाललं. मी दोन्ही पाट्या फ्रिजमध्ये रिकाम्या केल्या. ती यायच्या आधी बाहेर काढू, कुणाला कळणार?

ती दुपारी येणार होती. सकाळी नऊलाच आली. दार मी उघडलं आणि तिनं सरळ जाऊन कपाट उघडलं. आत दिवा लागला.

मी तयारीत होतो. शिव्या, बंदी, घर खाली करायची नोटीस, जे काय असेल ते. पण मावशीनं एक टोमॅटो काढला, हुंगला, पुन्हा हुंगला आणि तिथंच फरशीवर मांडी घालून बसली. मला शिव्या हव्या होत्या.

"थंडीत ह्याचा वास मरतो," ती म्हणाली. "मंग परत येत नाय."

"मावशी, चुकलं माझं. पुढच्या रविवारी—"

"पुडच्या रविवारी आरोही येतेय."

आरोही म्हणजे तिची नात, कॅनडातल्या मुलाची, महेशची मुलगी, हे मला फोटोवरून माहीत होतं. बाकीचं तेव्हा कळलं. मी या इमारतीत यायच्या आदल्या वर्षी ते कॅनडाहून आले होते. आरोही पाच वर्षांची होती. मावशीनं चिंबोऱ्या केल्या, तांदळाची भाकरी केली, घावन केले, शेवटी नुसता दूधभात केला. पोरीनं तोंड फिरवलं. वासानं रडायची. पास्ता पाहिजे म्हणायची आणि मावशीला तो शब्दच कळत नव्हता. महिनाभर राहायला आलेली माणसं आठव्या दिवशी सुनेच्या माहेरी पुण्याला गेली, कारण तिथं पोरगी काहीतरी खात होती.

"आठ दिवस," मावशी म्हणाली. "माज्या हाताचा एक घास नाय खाल्ला पोरीनं. मी काय वाईट शिजवतंय काय रं?"

ती नेहाच्या खोलीत का शिरली होती आणि आमच्या जिभा घेऊन दोन वर्षं कसली परीक्षा चालली होती, ते मला आत्ता कळलं. माझ्या फ्रिजचा दिवा अजून चालूच होता. मी दार लावलं.

थोड्या वेळानं ती उठली, नाक पुसलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "झाडावर हिरवे हायत. आठ दिस हायत. तांदूल हाय का तुज्याकडं?"

कडा पिवळट झालेले हिरवे टोमॅटो तिनं उतरवले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि प्रत्येक घराला वाटले. तांदळाच्या डब्यात पुरायचे, उबेनं पिकतात. नेहाकडे तांदूळ नव्हता, ती दहा किलो घेऊन आली. कुलकर्णीकाका दिवसातून चार वेळा डबा उघडून बघायचे. मावशीनं त्यांना दम भरला, "कुलकर्नी, अंडी नाय उबवाला घातलेली! झाकान लावा!" मी रोज कामावरून आलो की पायातले बूट काढायच्या आधी डब्यात हात घालायचो. सहाव्या दिवशी माझ्यातला पहिला लाल झाला आणि मी तो घेऊन जिन्यातून ओरडत वर गेलो.

रविवारी अकरा वाजता सगळे गच्चीवर. महेश आला, त्याची बायको प्रीती आली आणि त्यांच्यामागून आरोही, आठ वर्षांची, दोन वेण्या, डोळे फोनवर. महेशच्या हातात पिशवी होती. "आई, तू टेन्शन घेऊ नको. तिच्यासाठी आम्ही पॅकेट आणलंय."

"ऱ्हाऊ दे त्या बाजूला," मावशी म्हणाली आणि झाकणावरचे निखारे चिमट्यानं सारखे केले.

दीड तास कुणी 'झालं का' विचारलं नाही.

ताट पोरीसमोर आलं. तिनं फोन ठेवला. काट्यानं सब्जाचं पान बाजूला केलं. नेहानं माझा दंड धरला. पोरीनं एक नळी टोचली, वर धरून बघितली, खाल्ली. चेहऱ्यावर काही नाही. दुसरी खाल्ली. तिसरी. मग खाली मान घालून ती अशी खात सुटली की कुलकर्णीकाकांनी कुकरसारखा श्वास सोडला.

मावशी चुलीपाशीच उभी होती, पाठ करून. तिला बघायची हिंमत नव्हती.

"आजी," पोरगी म्हणाली, "मोर!"

मावशी दचकून वळली. "मोर? कुठं?" तिनं कठड्यापलीकडे बघितलं, पाण्याच्या टाकीवर बघितलं. "हितं मोर कसा येईल गो बाय? कावला असंल."

आम्ही सगळे हसायला लागलो. नेहा कशीबशी म्हणाली, "मावशी, ती अजून मागतेय. अजून वाढ म्हणतेय."

"अजून?"

"हो."

मावशीनं डाव उचलला. वाढताना दोन नळ्या ताटाबाहेर पडल्या. दोन वर्षांत तिचा हात असा कधी चुकला नव्हता. महेश पॅकेटची पिशवी पायानं मागं सरकवत म्हणाला, "आई, हे कधी शिकलीस गं?" ती म्हणाली, "असाच. त्याला काय लागतंय?"

जेवणं झाल्यावर सगळे खाली गेले. आरोहीला विमान जवळून दाखवायला महेश गाडी काढत होता. मी परात खाली न्यायला पुन्हा वर गेलो. मावशी विझत आलेल्या निखाऱ्यांपाशी बसली होती. मांडीवर पोरीचं ताट होतं. त्यात पाच-सहा नळ्या उरल्या होत्या, गार, सॉस सुकायला लागलेला. ती एकेक नळी बोटांनी उचलून सावकाश खात होती.

"मावशी, पातेल्यात गरम आहे की," मी झाकण उचलत म्हणालो. "ते घ्या ना."

"नको," ती म्हणाली. "ह्यो तिचा उष्टा हाय."

मी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि परात तिथंच सोडून खाली आलो.