बिनकॅमेऱ्याचा हवालदार

मेव्हण्याच्या छातीवर कॅमेरा लागला आणि हवालदाराच्या छातीत कळ आली. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी, एकाच हजेरीला, सगळ्या ठाण्यासमोर घडल्या.

त्याचं असं झालं. विद्यापीठातून एक संशोधक बाई आल्या होत्या. अंगावर कॅमेरा असला की पोलीस लोकांशी नीट वागतो का, आणि लोक पोलिसाशी नीट वागतात का, हे त्यांना चार महिने मोजून बघायचं होतं. त्यासाठी निम्म्या ठाण्याला कॅमेरे द्यायचे, निम्म्याला नाही. कोणाला द्यायचे हे साहेबांनी ठरवायचं नाही, बाईंनीही ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाकायच्या. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत हवालदाराने जेवढ्या चिठ्ठ्या उचलल्या तेवढ्या कोऱ्या निघाल्या होत्या. हीसुद्धा कोरीच निघाली. त्याच्या मागे रांगेत त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ उभा होता, याच ठाण्यात शिपाई, नोकरीला जेमतेम नऊ वर्षं. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘कॅमेरा’.

“दाजी, तुमची काय निघाली?” मेव्हण्याने विचारलं.

“डोळे आहेत ना तुला? मग बघ की.”

बाईंनी समजावून सांगितलं. “ज्यांना कॅमेरा नाही, ते आमचा तुलनेचा गट. तुम्ही काही म्हणजे काही वेगळं करायचं नाही. आहात तसेच राहायचं.”

“म्हणजे मॅडम, मी काहीच करायचं नाही, आणि त्यावर तुम्ही संशोधन करणार?”

“बरोब्बर!” बाई खूश झाल्या.

“अठ्ठावीस वर्षं तेच तर चाललंय,” मागून कोणीतरी पुटपुटलं, आणि हजेरीची रांग हसून वाकडी झाली.

साहेबांनी वर आणखी मीठ चोळलं. चार महिन्यांनंतर ज्याच्याविरुद्ध सगळ्यात कमी तक्रारी असतील त्याला प्रशिक्षण शाळेत शिकवायला पाठवणार, असं त्यांनी जाहीर केलं. त्या जागेवर हवालदाराचा अकरा वर्षं डोळा होता. सावलीतली खुर्ची, दिवसाची ड्यूटी, आणि आपण ‘उठा’ म्हटलं की उठणारे दोनशे नवे शिपाई. बस स्टॉपच्या चौकात उभं राहून त्याचे गुडघे आता त्याच्याआधी बोलायला लागले होते. ती खुर्ची नाही मिळाली तर निवृत्तीपर्यंत तोच चौक, हे त्याला पक्कं माहीत होतं.

घरी आल्यावर बायकोने दारातच गाठलं. “अहो, ऐकलंत का? आमच्या धाकट्याला कॅमेरा मिळाला!”

“चिठ्ठीत निघाला. त्यात कसलं कर्तृत्व?”

“नशीबसुद्धा माणूस बघूनच देतं हो.”

हवालदाराने त्या दिवशी भाजीत मीठ नाही म्हणून ताट सरकवलं. मीठ बरोबर होतं.

रविवारी मेव्हणा जेवायला आला. कॅमेरा ठाण्यात जमा करून आला होता, पण गप्पांत कॅमेराच होता. माणसं कशी त्याला बघून शर्टाची बटणं लावतात, एका आजींनी कशी केस नीट करून मग रस्ता विचारला, वगैरे. बहीण हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण आपलं बोलणं हिने असं हनुवटीखाली हात घेऊन कधी ऐकलं नाही, हे हवालदाराने त्या दुपारी नीट मोजून घेतलं. त्याला मेव्हण्याचा राग येत नव्हता. राग परवडला असता. त्याला नुसतं जळत होतं.

दर सोमवारी बाई येत आणि सरत्या आठवड्यातल्या तक्रारींचा तक्ता भिंतीवर लावून जात. चौथ्या सोमवारी तक्ता असा होता: कॅमेरा गट, दोन तक्रारी. तुलनेचा गट, अकरा. अकरातल्या आठ एकट्या हवालदाराच्या. माणूस वाईट नव्हता. हात त्याने कोणावर उचलला नव्हता, कोणाचा चहासुद्धा फुकट प्यायला नव्हता. फक्त तोंड. चुकीच्या जागी गाडी लावणाऱ्याला तो विचारी, “हा रस्ता काय तुझ्या सासऱ्याने नावावर करून दिलाय?” आणि नेमका एखाद्याचा सासरा नुकताच वारलेला असे.

मान खाली घालून तो तक्त्यासमोरून निसटत होता, तेवढ्यात बाईंनी त्याला हाक मारली.

“तुमच्या एकट्याच्या आठ! फारच छान. तुमच्यामुळे दोन गटांतला फरक किती स्पष्ट दिसतोय. प्लीज, अजिबात बदलू नका हं.”

अठ्ठावीस वर्षांत नोकरीतली ही पहिली शाबासकी. तीसुद्धा कशाबद्दल, तर मेव्हणा उजळ दिसावा म्हणून आपण काळं राहिल्याबद्दल. त्या क्षणी हवालदाराचं ठरलं.

संध्याकाळी त्याने बायकोची पावडरची जुनी डबी घेतली. तिला काळी चिकटपट्टी गुंडाळली, मध्ये एका फुटक्या चष्म्याच्या काचेचा तुकडा बसवला आणि कोपऱ्यात सायकलच्या मागच्या दिव्यातला लाल बल्ब, बॅटरीसकट. मागे पिन लावली. आरशासमोर उभं राहून दिवा लावला आणि स्वतःला सलाम ठोकला. बायको आतून ओरडत होती, “अहो, माझी डबी बघितलीत का?”

“पोलिसात तक्रार दे,” हवालदार म्हणाला. पण हे त्याचं जुन्या पद्धतीचं शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवसापासून ठाण्यातून निघाला की तो खिशातली डबी काढून छातीवर लावी आणि परतताना काढून ठेवी. पहिल्याच तासाला एक टेम्पोवाला उलट्या दिशेने आला. तोंड उघडलं, सासरा जिभेवर आलाही, तेवढ्यात हवालदाराचं लक्ष छातीवरच्या लाल दिव्याकडे गेलं. आत पावडरच्या वासाशिवाय काही नव्हतं हे जगात एकट्या त्यालाच ठाऊक होतं, आणि तरी त्याच्या तोंडून शब्द निघाले, “आपण कृपया गाडी मागे घेता का?”

टेम्पोवाल्याने घाबरून गाडी मागे घेतली. तो या हवालदाराला सहा वर्षं ओळखत होता. त्याच्या तोंडून ‘आपण’ ऐकल्यावर आता परवानाच जातो, अशी त्याची खात्री झाली असावी.

मग चटकच लागली. तो म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडून देऊ लागला, भांडणाऱ्यांना “आधी ताई बोलतील, मग दादा” असं म्हणू लागला. तक्रारी आठवरून तीनवर आल्या, मग एकावर. मात्र सोमवारी बाई चौकात हिंडायच्या, म्हणून त्या दिवशी डबी घरी राही. डबी नसली की तोंड मोकळं सुटे. त्यामुळे बाईंच्या वहीत एक विचित्र गोष्ट दिसू लागली: या हवालदाराविरुद्ध तक्रार आलीच तर ती सोमवारचीच असते. बाईंनी त्यावर दोन रात्री विचार केला आणि समासात लिहिलं, ‘रविवारी घरी काही घडत असावं.’ तसं बघितलं तर बरोबर होतं. रविवारी मेव्हणा जेवायला येत असे.

नवव्या आठवड्यात बस स्टॉपवर एका निवृत्त मास्तरांचा फोन मारला गेला. हवालदाराने गर्दीतला एक ओळखीचा चेहरा हेरला, पुढे जाऊन छाती समोर धरली आणि म्हणाला, “आपल्या खिशात काय आहे, ते आपण स्वतःहून दाखवलंत तर बरं होईल.” पाकीटमाराने लाल दिव्याकडे पाहिलं, हवालदाराकडे पाहिलं, आणि एकाऐवजी तीन फोन काढून दिले. मास्तर भारावले. घरी जाऊन त्यांनी साहेबांना चार पानी पत्र लिहिलं, सुवाच्य अक्षरात. शेवटी लिहिलं होतं, ‘या प्रसंगाचं चित्रण हवालदारांच्या कॅमेऱ्यात असेलच. ते आपण सर्वांना दाखवावं.’

पत्र वाचून साहेबांनी हवालदाराला बोलावलं. “शाबास! शनिवारी आढाव्याला मोठे साहेब येतायत, बाई पण असतील. तुझं चित्रण लावू या. ती खुर्ची तुझीच समज.” चिठ्ठ्यांच्या यादीवर साहेबांनी सही केली होती; वाचली नव्हती.

हवालदार “होय साहेब” म्हणाला, आणि बाहेर येऊन भिंतीला टेकला. खुर्ची हातभर अंतरावर, आणि मध्ये नसलेलं चित्रण. आता जगात एकच माणूस मदत करू शकत होता, आणि नेमका तोच.

मेव्हणा बाजाराच्या कोपऱ्यावर ड्यूटीला होता. हवालदाराने त्याला एका बंद दुकानाच्या आडोशाला ओढलं.

“ऐक. मी चौकात उभा राहतो, मास्तरांना मी बोलावतो, पाकीटमार म्हणून कोणीही चालेल. तू तुझ्या कॅमेऱ्यात घे. दहा मिनिटांचं काम आहे.”

“पण दाजी, तुमचा कॅमेरा आहे ना? सगळे म्हणतात तुम्हाला उशिरा मिळाला.”

“कसला कॅमेरा! तुझ्या बहिणीची पावडरची डबी आहे ती!” आणि मग धरण फुटलं. “तुला सांगतो, तुझ्या छातीवर तो दिवा लागला त्या दिवसापासून मला झोप नाही. जेवताना तुझी बहीण तुझ्याकडे बघते तशी माझ्याकडे कधी बघत नाही. आठ तक्रारी माझ्या, आणि कौतुक तुझं! म्हणून लावली डबी. आणि गंमत सांगू? डबी लावल्यावर मला नीट बोलता येतं रे. येतं मला! कोणी बघत नसताना येतं! पण कोणाला सांगू?”

मेव्हण्याने एकदा खाली पाहिलं. मग हळूच म्हणाला, “दाजी, हे सगळं आलं.”

“कुठे आलं?”

मेव्हण्याने छातीकडे बोट दाखवलं. लाल दिवा लुकलुकत होता.

“पूस ते!”

“आम्हाला पुसता येत नाही हो. कॅमेरा जमा केला की आपोआप कंप्युटरवर जातं. आणि चित्रणात जो बोलतोय त्याचं नाव त्यावर लिहायचं, असा नियम आहे.” मेव्हणा वाईट नव्हता, त्याला खरंच वाईट वाटलं. पण घरी जाताना त्याने शीळ घातली.

शनिवारी हॉल भरला. हवालदाराने ‘बॅटरी उतरली होती साहेब’ हे वाक्य पाठ केलं होतं. ते म्हणायला तो उठलाही. तेवढ्यात कंप्युटरवरचा कारकून उत्साहाने ओरडला, “सापडलं साहेब! यांच्या नावावर एकच आहे!” आणि भिंतीवर हवालदार उमटला, भिंतीएवढा. ‘तुझ्या बहिणीची पावडरची डबी आहे ती!’ पडद्यावरचा हवालदार ओरडला. खालचा हवालदार खुर्चीत विरघळला. शेवटपर्यंत कोणी हललं नाही. मोठे साहेब रुमालाने डोळे पुसत होते. हसून की कसे, ते कळलं नाही.

बाई मात्र हसल्या नाहीत. “तुमचे सगळे आकडे मला अभ्यासातून काढावे लागतील,” त्या म्हणाल्या.

“चांगले की वाईट, मॅडम?”

“दोन्ही.”

“वाईट काढा हवे तर. पण ते चांगले आठवडे राहू द्या ना. आयुष्यात पहिल्यांदाच आलेत हो.”

ते राहिले नाहीत. डबी जप्त झाली, हवालदाराला लेखी ताकीद मिळाली, आणि चार महिने सरल्यावर खुर्ची मिळाली मेव्हण्याला. बायकोने भावासाठी नवा शर्ट घेतला. बाईंनी जाताना एका कागदावर हवालदाराची सही घेतली, ते चित्रण शिकवण्यासाठी वापरायला परवानगी म्हणून. त्याने साहेबांसारखीच न वाचता केली. आता काय फरक पडतो?

दीड महिना मेव्हणा जेवायला आला नाही. आला तेव्हा नव्या शर्टात होता आणि तोंड पाडून होता.

“काय रे? खुर्ची टोचते का?” हवालदाराने विचारलं.

“दाजी, शिकवतो मी. घसा माझा बसतो. माझी सगळी चांगली चित्रणं दाखवली, मागच्या बाकावर घोरत होते. मग त्या बाई व्याख्यानाला आल्या आणि त्यांनी तुमचं लावलं. दोनशे जण ताठ बसले! आता रोज तेच मागतात. पाठ झालंय त्यांना. मला विचारतात, ‘सर, ते दाजी खरंच आहेत का?’ माझं नाव अजून एकालाही माहीत नाही.”

“मग तू काय सांगतोस?”

“काय सांगणार? आहेत म्हणतो.” मेव्हण्याने घास चिवडला. “आणि आता प्राचार्य म्हणतात, एक तास त्यांनाच बोलवा, नीट कसं बोलायचं ते सांगायला. बुधवारी तुमच्यासाठी गाडी पाठवतायत. गाडी! मी दीड महिना दोन बस बदलून जातोय.”

“अहो, गाडी!” बायको म्हणाली, आणि हनुवटीखाली हात घेऊन नवऱ्याकडे बघत बसली.

हवालदाराने मेव्हण्याकडे पाहिलं. ओठ हसत होते, नजर दुसऱ्याच्या ताटात होती, आणि घास गिळता येत नव्हता. असा चेहरा आतून किती टोचतो हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? त्याला मनापासून दया आली.

“एवढं काय मनाला लावून घेतोस? बुधवारी तू पण चल माझ्या गाडीतून,” तो मायेने म्हणाला. मग थोडा वेळ गप्प राहण्याचा त्याने खरंच प्रयत्न केला. पण नाही जमलं.

“तू आपला पुढे बस. ड्रायव्हरशेजारी.”